ज्याच्या हाती पुस्तक

"बोलायचं काही नाही, वहिनी. पुस्तक हातात घ्यायचं, अध्यक्षांच्या हातात द्यायचं, की झालं."

सुभेदार आनंदराव शेडगे माझ्या घरात बाजेवर बसून सांगत होते. हातात चहाची बशी आणि पाठ ताठ. फौजेतून परत येऊन त्यांना कितीतरी वर्षं झाली होती, पण पाठ काही परत आली नव्हती.

"कुठलं पुस्तक?" मी विचारलं.

"आहे एक. 'सातव्या खिंडीचे रक्षक'. वाचनालयात यंदा आलंय. पुण्याकडच्या कुणा पोरानं लिहिलंय. मनचं राज्य, मनचा राजा, बर्फातनं चालणारे दगडाचे हत्ती. जाडी बघाल तर उशाला घेण्याजोगं."

"मग हत्तींनी काय बिघडवलं तुमचं?"

"हत्तींचं काही नाही. हत्ती चांगले लढतात," सुभेदार म्हणाले. "पण पुढं त्यात शहीद जवानाचा अपमान केलाय. असलं पुस्तक चिंचखोरीच्या वाचनालयात नको. रविवारी वाचकांची बैठक आहे. तिथं सगळ्यांची मतं घ्यायची आणि शेवटी वीरमातेच्या हातून पुस्तक परत करायचं. तुमच्या हातून गेलं म्हणजे मग कुणाची तोंड उघडायची टाप नाही."

वीरमाता म्हणजे मी. माझा दिगंबर सरहद्दीवरच्या एका चौकीत बर्फाच्या कड्याखाली गेला. तेव्हापासून गावात झेंडा असो, शाळेची नवी खोली असो, नाहीतर पाण्याची टाकी, नारळ माझ्या हातून फुटायचा. खुर्ची मधली, शाल खांद्यावर. मला कुणी कधी बोलायला सांगितलं नाही आणि मीही कधी बोलले नाही.

उठता उठता सुभेदारांची नजर कोपऱ्याकडे गेली. तिथं वाकळ टाकून झाकलेली दिगूची ट्रंक होती. काळी, पत्र्याची, वर पांढऱ्या रंगात त्याचं नाव आणि नंबर. त्याचं म्हणून घरी आलं ते एवढंच, आणि ते सुभेदारांनीच आणून दिलं होतं मला.

"ट्रंकेचं काय ठरलं?" त्यांनी विचारलं. "स्मृतिदालन तयार झालं. काचेची पेटी पण आली. नुसती ट्रंक ठेवायची राहिली आहे."

"बघू," मी म्हणाले.

"दोन वर्षं झाली 'बघू' म्हणताय."

"म्हणून तर सवय झाली आहे."

ते हसले आणि गेले. ते पुस्तक मी वाचलंय हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नव्हतं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी साठीच्या पुढं होते आणि मला अक्षर येऊन फार काळ झाला नव्हता. अक्षर शिकायचं कारणही सांगते. चिंचखोरीत घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळे गावाच्या वेशीवर गेलेल्यांच्या नावांचा दगड आहे. दिगूचं नाव त्यावर कोरलं तेव्हा पडदा ओढायला मलाच बोलावलं. दोरी ओढली, पडदा पडला, टाळ्या झाल्या. समोर माझ्या पोराचं नाव होतं म्हणे. मला नुसत्या रेघा दिसत होत्या. सगळ्या गावाला वाचता येत होतं आणि मला, त्याच्या आईला, येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी वाचनालयात गेले आणि तिथल्या संजीवनीला म्हणाले, "पोरी, मला शिकव."

संजीवनी तिशीची, शांत मुलगी. वाचनालय तीच उघडायची, झाडायची, पुस्तकं तीच मागवायची. तिनं मला दुपारच्या वेळी शिकवलं, कारण दुपारी तिथं कुणी नसायचं. पुढं मी रोज जाऊन मागच्या बाकावर वाचत बसायला लागले. लोकांना वाटायचं, म्हातारी पंख्याखाली बसायला येते. मीही कुणाचा समज मोडला नाही. पंखाही चांगला होता.

ते जाडं पुस्तक संजीवनीनंच मागवलेलं. मी त्याला हात घातला तो हत्तीच्या चित्रासाठी. ज्येष्ठात धरलं आणि दिवाळीच्या फराळाला सोडलं. एकेका पानाला दुपार जायची. नावं अवघड, गडांची नावं त्याहून अवघड. पण माझं बोट ओळीखालून चालत राहिलं आणि मी त्याच्या मागून.

आता आमच्या बैठकीचा नियम सांगायला हवा. वाचनालय काढलं गणू निकम हवालदारांनी. ते वारले, पण त्यांचा फोटो दारावर आहे. त्यांच्या काळात वाचकांची बैठक म्हणजे बाजार असायचा, सगळे एकदम बोलायचे. मग त्यांनी फौजी नियम घातला. ज्या पुस्तकाबद्दल बोलायचं ते हातात घ्यायचं. ज्यानं शेवटपर्यंत वाचलंय त्यानंच घ्यायचं. पुस्तक हातात आहे तोवर बाकीचे सावधान, कुणी मधे बोलायचं नाही. तो पुस्तक खाली ठेवेल तेव्हा विश्राम. हवालदार गेल्यावर हा नियम सुभेदारांनी डोळ्यांत तेल घालून सांभाळला. एकदा पंचायत समितीचे सभापती आले होते. पुस्तक न वाचताच बोलायला उठले, तर सुभेदारांनी त्यांना सगळ्यांदेखत खाली बसवलं. गावात ती गोष्ट अजून सांगतात.

रविवारी सकाळी वाचनालय भरलं. पहिल्या रांगेत माझी खुर्ची होती. टेबलामागं अध्यक्ष भिकाजी अण्णा, ऐकायला जरा कमी, पण झोपेला पक्के. टेबलावर ते पुस्तक, आणि शेजारी ताटात शाल आणि नारळ. संजीवनी कपाटापाशी उभी होती. तिचा चेहरा उतरला होता. पुस्तक तिनं आणलेलं, तेव्हा बोल तिलाच लागणार हे तिला कळत होतं.

पहिल्यांदा पुस्तक घेतलं प्रथमेशनं. हा पोरगा भरतीची तयारी करायचा, पहाटे टेकडीवर पळायचा.

"एक नंबर पुस्तक आहे," तो म्हणाला. "सातव्या खिंडीतली लढाई तर मी तीनदा वाचली. दगडी हत्ती बर्फात रुततात आणि सेनापती विक्रांग म्हणतो, हत्ती सोडा, त्यांच्या पाठीचाच तट करा. अंगावर काटा येतो. फक्त लढाई संपल्यावरचा भाग ढिला आहे. ती म्हातारी येते, वाटी शोधत बसते. तिथं मी जरा भरभर पानं उलटली."

"म्हणजे शेवटपर्यंत वाचलं नाहीस," मागून कुणीतरी नियम विसरून म्हणालं.

"उलटली म्हणजे डोळ्याखालून घातली की."

"पुस्तक खाली ठेव," सुभेदार म्हणाले. पोरानं मुकाट्यानं ठेवलं. लोक हसले.

मग हायस्कुलाचे देवकुळे सर उठले. त्यांनी पुस्तक दोन बोटांत धरलं, गरम तव्यासारखं.

"भाषा बरी आहे," ते म्हणाले. "पण हे राज्य कुठलं? ही माणसं कुठली? आपल्या मातीशी यांचा संबंध काय? त्या म्हातारीचं प्रकरण तर मधेच ठिगळ लावल्यासारखं. लेखकाला लढाई कुठं थांबवावी हे कळलं नाही म्हणून त्यानं एक आई आणून बसवली."

ते बसल्यावर सुभेदार उठले. त्यांनी पुस्तक दोन्ही हातांत घेतलं. त्यांचं बोलणं मला अजून आठवतं, कारण ते खोटं बोलत नव्हते.

"मी शब्दन् शब्द वाचलाय," ते म्हणाले. "या राज्यात रीत अशी की शिपाई घरून आपली पितळेची वाटी घेऊन जातो. तो पडला, की त्याची वाटी राजधानीच्या दालनात खुंटीला टांगतात. वारा सुटला की सगळ्या वाट्या वाजतात आणि तो आवाज ऐकून नवी पोरं सैन्यात जातात. वाचताना मला भरून आलं. वाटलं, लिहिणाऱ्याला आमचं काहीतरी कळलंय. आणि मग ती ऐरा नावाची बाई येते. पोराची वाटी खुंटीवरून काढून घरी नेते. घरी नेऊन काय करते? धान्य मोजते. शहिदाच्या वाटीनं." त्यांनी मानेनं वेशीकडं दाखवलं. "माझ्या बरोबरीचे सोबती त्या वेशीवरच्या दगडावर आहेत. उद्या कुणी तो दगड काढून त्यावर कपडे धुतले तर चालेल का आपल्याला? मला नाही चालणार. हे पुस्तक इथं नको."

त्यांनी पुस्तक खाली ठेवलं. हसायचं तर कुणाच्या मनातच नव्हतं.

"आता वीरमाता सगुणाबाईंच्या हस्ते," सुभेदार म्हणाले आणि त्यांनी संजीवनीला खूण केली.

तिनं माझ्या खांद्यावर शाल घातली, ओटीत नारळ दिला आणि पुस्तक माझ्या हातात ठेवलं. भिकाजी अण्णांनी पलीकडून दोन्ही हात पुढं केले, प्रसाद घ्यायला करतात तसे.

मी उठले. नारळ खुर्चीवर ठेवला. पुस्तक मात्र ठेवलं नाही.

"द्या, वहिनी," सुभेदार हळूच म्हणाले.

"माझ्या हातात पुस्तक आहे, भावजी," मी म्हणाले.

"हो. ते द्यायला दिलंय."

"द्यायला दिलं की बोलायला दिलं, असं हवालदारांनी काही वेगळं सांगितल्याचं मला आठवत नाही. हातात पुस्तक, तो बोलणार. तुम्ही सभापतींना बसवलंत तेव्हा मी याच खुर्चीवर होते."

मागं कुजबुज झाली. भिकाजी अण्णांनी हात मागं घेतले आणि विचारलं, "काय म्हणतात बाई?"

"बोलायचं म्हणतात," संजीवनी मोठ्यानं म्हणाली. तेवढं ती पहिल्यांदाच बोलली.

देवकुळे सर उठले. "आजी, तुमचा मान आहेच. पण नियम पूर्ण वाचलेल्यासाठी आहे. कुणी वाचून दाखवलं असेल तर ते..."

"सर, तुमच्या हातात पुस्तक नाही," मी म्हणाले.

ते बसले. नियम नियमच होता. सुभेदार माझ्याकडं बघत उभे होते. आतापर्यंत आयुष्यात त्यांनी मला वाचताना पाहिलं नव्हतं. त्यांना मी दगडावरचा पडदा ओढणारी बाई म्हणून माहीत होते.

मी पान काढलं. शोधावं लागलं नाही, पुस्तक तिथंच उघडायचं. चष्मा लावला, बोट ओळीखाली ठेवलं आणि वाचायला लागले. मी भरभर वाचत नाही, आजही नाही. एकेक शब्द पायरीसारखा चढते. सगळं वाचनालय सावधान होतं आणि माझी वाट बघत होतं.

"ऐरा दालनात शिरली तेव्हा वारा पडला होता. शेकडो वाट्या खुंट्यांवर गप्प होत्या. तिनं आपल्या लेकाची वाटी ओळखली. काठाला पोचा होता. तो लहान असताना तिच्याच हातून पडून आलेला. तिनं वाटी काढली. पहारेकरी म्हणाला, आई, ही आता राज्याची आहे. ऐरानं विचारलं, राज्याला भूक लागते का?"

मी थांबले. पान उलटलं. प्रथमेश पुढं वाकून ऐकत होता. मघा भरभर उलटलेलं पान त्याला आता भरभर उलटता येत नव्हतं.

"पहारेकरी म्हणाला, ही वाटी इथं वाजली तर राज्य तुझ्या लेकाला विसरणार नाही. ऐरा म्हणाली, तुम्हाला आठवण राहावी म्हणून ती वाजते. मला तो आठवायला आवाज लागत नाही. तिनं वाटी पदराखाली घेतली आणि ती डोंगर उतरून घरी आली. रात्री तिनं त्या वाटीनं नाचणी मोजली. एक वाटी मोजली आणि जात्याशी बसली."

मी चष्मा काढला.

"हे वाचायला मला कित्येक दिवस लागले," मी म्हणाले. "सर म्हणतात ठिगळ आहे. असेल. माझ्या घरातली वाकळ सगळी ठिगळांचीच आहे आणि थंडीत तीच अंगावर येते. प्रथमेश म्हणतो ढिलं आहे. त्याचं वय हत्तीचं आहे, त्याला मी काही म्हणत नाही. भावजी म्हणतात अपमान आहे. तुम्ही खोटं बोलत नाही, भावजी. तुम्हाला लागलं ते मला दिसलं. पण तुम्ही ते पुस्तक माझ्या हातून काढायला निघालात. माझ्या नावानं. मला न विचारता. शाल देता, खुर्ची देता, नारळ देता. मत मात्र तुमचं आणि हात माझा. आज हात देणार नाही मी."

सुभेदार एक पाऊल पुढं आले आणि तिथंच सावधान उभे राहिले. नियम त्यांनी स्वतः सांभाळला होता.

"वाटी रिकामी असते म्हणून वाजते," मी म्हणाले. "भरलेली वाजत नाही. त्या बाईनं अपमान नाही केला. तिनं ती भरली. आणि तुम्ही दोन वर्षं ट्रंक मागताय ना काचेत ठेवायला? मी 'बघू, बघू' म्हणत होते. आज सांगते, ती मिळायची नाही. माझ्या दिगूच्या ट्रंकेत बाजरी आहे. आली त्या दिवसापासून आहे. मी तिच्यातलीच भाकरी खाते. याला कुणाला अपमान म्हणायचं असेल तर त्यानं पुस्तकाला नाही, मला वाचनालयातून काढावं."

पहिल्या रांगेनं माना खाली घातल्या. दारावरच्या फोटोतले निकम हवालदार तेवढे नेहमीसारखे बघत होते.

मी टेबलाकडं गेले नाही. कपाटाकडं गेले. संजीवनीनं दार उघडून धरलं. दोन जाड पुस्तकांच्या मधे एक जागा होती, तिथं मी ते सारलं आणि मागं वळून म्हणाले, "विश्राम."

त्या बैठकीत मतदान झालंच नाही. भिकाजी अण्णांनी बाजूच्याला विचारलं, "झालं का परत करून?" आणि तो म्हणाला, "झालं, अण्णा. कपाटात." अण्णा समाधानानं उठले. लोक हळूहळू पांगले. देवकुळे सर जाताना कपाटापाशी थांबले. पुस्तक काढलं नाही, पण थांबले.

सुभेदार चारपाच दिवस घरी आले नाहीत. वाटेत समोर यायचे तर दुसऱ्या आळीनं जायचे. मला वाटलं, एक घर तुटलं. तुटलं तर तुटलं. मी बोलले ते मागं घ्यायला जाणार नव्हते.

मग एका सकाळी ते दारात आले. पाठ ताठच होती.

"ट्रंक बघायची आहे," ते म्हणाले.

"न्यायची आहे का बघायची आहे?"

"बघायची."

मी वाकळ बाजूला केली. त्यांनी खाली बसून झाकण उघडलं. आत काठोकाठ बाजरी, किडा लागू नये म्हणून वर कडुनिंबाचा पाला. सुभेदारांनी पाला बाजूला केला आणि हात मनगटापर्यंत आत घातला. तसाच ठेवला.

"पण का, वहिनी?" शेवटी त्यांनी विचारलं. "डबे होते, कणगी होती."

"झाकण लावा," मी म्हणाले. "आणि उचला."

त्यांनी झाकण लावलं. एका बाजूची कडी धरली आणि सवयीनं एका हातानं उचलायला गेले. ट्रंक जागची हलली नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"त्या दिवशी तुम्ही ती एसटीच्या थांब्यापासून एका हातात घेऊन आलात," मी म्हणाले. "चढ चढून. मी दारातून बघत होते. माझं पोरगं सहा फुटी होतं, भावजी. घरातनं गेलं तेव्हा उंबऱ्याला डोकं लागायचं त्याचं. आणि तुम्ही एका हातात घेऊन आलात. दुसऱ्या हातात छत्री होती तुमच्या."

सुभेदारांनी कडी सोडली.

"तुम्ही गेलात आणि मी लगेच कणगी रिकामी केली," मी म्हणाले.

त्यांनी दोन्ही कड्या धरल्या, गुडघे वाकवले आणि जोर लावला. ट्रंक जमिनीपासून वीतभर सुटली. मानेच्या शिरा फुगल्या. त्यांनी ती तशीच थोडा वेळ धरली आणि आवाज न करता पुन्हा जागच्या जागी ठेवली.

"जड आहे," ते धापा टाकत म्हणाले.

"हो," मी म्हणाले. "तेवढाच होता तो."